आईच्या नावानं आलेला माल

बान नोंग साक
१२ जानेवारी, बौद्ध वर्ष २५६६

पिन,

फोन तू उचलत नाहीस आणि मीही आता करणार नाही. कामसिंग भंगाराची गाडी घेऊन बँकॉककडे येत असतो, त्याच्या हाती हे देतेय. त्याला बजावलंय, तिच्याच हातात दे, खालच्या चौकीदाराकडे टाकून येऊ नकोस. फाडायचं तर खुशाल फाड, पण आधी वाच.

तुझ्या ऑफिसची माणसं परवा येऊन गेली. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट, पुढे ढोल, मध्ये दानाच्या नोटा खोचलेलं झाड आणि मागे ट्रक भरून जुने कॉम्प्युटर. विहाराला वस्त्रदानाची मिरवणूक न्यायची तर लोक चीवरासोबत तांदूळ नेतात, पंखे नेतात, सिमेंटची पोतीसुद्धा नेतात. कॉम्प्युटर नेलेले आम्ही पहिल्यांदा पाहिले. गावानं पहाटेपासून भात उकडला होता. मी मिरची भाजून मासळीची चटणी केली होती, त्यातली एक वाटी वेगळी झाकून ठेवली होती, कुणासाठी ते तुला माहीत आहे. बस रिकामी झाली तरी तू उतरली नाहीस. तुझ्या हाताखालची एक पोरगी म्हणाली, साइफिनबाईंची, म्हणजे तुझी, मीटिंग आहे, पण हे सगळं जमवलं त्यांनीच. बरं, म्हटलं. चटणी तिला वाढली. तिला तिखट लागली.

वरच्या खोक्यावर पाकीट चिकटवलेलं होतं. ते उदोमकाकांनी माइकवरून वाचलं. काका विहाराचे कारभारी झाल्यापासून माइक सोडत नाहीत. दिवंगत आई फोंगसी यांना पुण्य लाभावं म्हणून, कन्या साइफिन. एवढंच. कन्या एकच असल्यासारखं. मला त्याचं काही वाटलं नाही, खरंच नाही, तू मुद्दाम केलं असशील असंही मी म्हणत नाही. भन्तेंनी सूत्रं म्हटली, तुझ्या वतीनं त्या पोरीनं पाणी सोडलं, आणि ट्रकभर माल आईच्या नावानं संघाचा झाला.

बस गेल्यावर बाया झाकणं उघडून बघायला जमल्या. अख्खं गाव भंगार सोडवण्याच्या धंद्यातलं, तिथे कुणाला शिकवायचं? लामायमावशीनं एकाला नुसतं हातानं ढकललं आणि म्हणाली, मेलंय. मग दुसरं, तिसरं. पडदे फुटके, प्रिंटरांत शाई वाळून दगड झालेली, आणि ज्याला भाव येतो तो आतला ऐवज बहुतेकांतून आधीच कुणीतरी काढून घेतलेला. सभामंडप काठोकाठ भरलाय. काल उपोसथाच्या व्रताला म्हाताऱ्या बाया बाहेर चिंचेखाली बसल्या.

हे सगळं मेलेलं आहे हे तुला माहीत होतं का, एवढंच कळव.

लाय


३ फेब्रुवारी

पिन,

उत्तर नाही. कामसिंग शपथेवर सांगतो की तुझ्याच हातात दिलं. तू तिथेच लिफ्टपाशी उभी राहून वाचलंस म्हणे. म्हणजे वाचलंस.

ढीग आहे तिथेच आहे. तुला वाटेल, या गावात भंगार पडून कसं राहिलं? रस्त्यात पंखा पडला तर दुपारपर्यंत त्याचं तांबं वेगळं आणि पातं वेगळं करणारी माणसं आम्ही. पण ते संघाचं झालंय ना! विहाराची वाळू चपलेला चिकटून घरी आली तर एप्रिलात सोंगक्रानच्या सणाला टोपलीभर वाळू परत नेऊन घालतो आपण, मग अख्खा कॉम्प्युटर कोण घरी नेणार? कुत्रंसुद्धा त्या मंडपात जाईनासं झालंय.

उदोमकाकांनी तोड काढली. म्हणाले, गावानं हा माल विहाराकडून रास्त भावानं विकत घ्यावा, पैसे दानपेटीत टाकावेत, पाप लागत नाही. झालं, सगळे मंडपात जमले. आणि कुणी तोंड उघडेना. कमी भाव बोलावा तर विहाराला लुबाडल्याचं पाप, जास्त बोलावा तर घरी बायको जेवायला घालणार नाही. जन्मभर घासाघीस करण्यात गेलेली माणसं, एकमेकांच्या चपलांकडे बघत बसली. शेवटी चहा पिऊन उठलो. मला हसू आलं, पण हसायला शेजारी कुणी नव्हतं.

आता खरं काय ते लिहिते. या आठवड्यात दुपारी घराखाली खांबांना बांधलेल्या झोळीत जरा डोळा लागला तर आई दिसली. अगदी तिच्या जागी, खांबाला पाठ लावून बसलेली. मांडीवर कॉम्प्युटर, हातात पेचकस, आणि मागे तुझ्या ट्रकातला सगळा माल, छपरापर्यंत. वर बघून मला म्हणाली, "लाय, अजून किती आहे गं?" कुरकुर नाही, काही नाही. दमली की विचारायची ना, तसंच.

उठले ती तशीच निघाले. लामायमावशीला सांगितलं. ती म्हणाली, इकडून जे नाव घेऊन देतात तेच तिकडे मिळतं, तुझ्या बहिणीनं काय दिलं आठव. पिन, त्या बाईनं कंबर मोडेपर्यंत टीव्ही फोडले. मेल्यावर तरी तिला बसू द्यायचं, तर आपण तिला तिकडेही ट्रक पाठवला. तू म्हणशील, लाय खेडवळ आहे. आहेच मी खेडवळ. पण पाकिटावर आईचं नाव घालून पाणी सोडायला लावणारी तू तरी कुठे परदेशातली आहेस?

आईला जाऊन दोन वर्षं होतील आणि भातवाटपाचा विधी अजून झालेला नाही. तो होत नाही तोवर तिच्या वाटचं काही तिला नीट पोचत नाही, हे तुला सांगायला नको. दोन लेकी जिवंत आहेत, दोघींनी मिळून करायला हवं. गाव विचारतं. मी सांगते, पिनला सुट्टी मिळत नाही. सोंगक्रानला ये. गादी, उशी, ताट, छत्री, नवी कापडं, जे रीतीचं आहे ते तिला पाठवू, म्हणजे ती हातातलं खाली ठेवील. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. नुसती ये.

लाय


२१ फेब्रुवारी

पिन,

तुझं पत्र पोचलं. टाइप केलेलं. खाली सही. मला वाटलं विजेच्या कचेरीतून आलंय.

तू लिहितेस की हे कॉम्प्युटर लोकांनी मनापासून दिले. ऑफिसनं ते कचऱ्यात टाकले असते, त्याऐवजी जिथे माणसांना हे काम येतं तिथे तू पाठवलेस, की चालणारे विहाराच्या शाळेला जातील, बाकीचे गाव सुटे करील, विहाराला चार पैसे मिळतील आणि आईला पुण्य. कागदावर छान दिसतं. यात वाईट हेतू आहे असं मी म्हणत नाही. पण संघाच्या मालाला आमच्यातलं कुणी हात लावणार नाही हे तू विसरलीस? याच विहाराच्या अंगणात वाढलीस ना तू? पडलेला आंबा उचलला म्हणून आईनं तुझ्या पाठीत धपाटा घातला होता, आणि तू रडत रडत अर्धा खाल्लेला आंबा परत झाडाखाली ठेवून आली होतीस.

वर लिहितेस, स्वप्नात येते ती आई नव्हे, तुझं मन तुला खातंय. आणि शेवटी, धूर थांबेल तेव्हा येईन.

मला राग आला. दोन दिवस मी हे पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर कामसिंगच्या गाडीनंच पेट घेतला असता. आईच्या चितेपाशी, भन्तेंसमोर, गावासमोर तू म्हणालीस की तुमच्या धुरानं आई गेली. तुमच्या. तुझं शिक्षण त्याच धुरातून निघालं. बंधाऱ्याखालच्या रानात वायरी जाळून जे तांबं मिळायचं त्यावर तुझी फी जायची, तुझा गणवेश जायचा. तो गणवेश आई वेगळा, घरात वाळत घालायची, त्याला वास लागू नये म्हणून. तुला ते ठाऊकही नसेल. वायरी जाळायला मला काय हौस होती? सुरीनं सोलत बसलं तर दिवसाचा भातसुद्धा सुटत नाही.

आईचा खोकला जुना होता. तंबाखू खायची ती. दवाखान्यातल्या बाईंनी शेवटी काय सांगितलं ते मी एकटीनं ऐकलं, तू नव्हतीस. ते इथे लिहिणार नाही.

मला फार शीण आलाय, पिन. भांडायलाही बळ लागतं. आई परवा पुन्हा दिसली. ढीग तेवढाच होता, जरासुद्धा कमी झालेला नाही. माझं मन मला खातंय म्हणतेस तर खाऊ दे. पण तिच्या हातातला पेचकस कुणीतरी काढून घ्यायला हवा, आणि माझ्या एकटीच्यानं ते होत नाहीये.

लाय


१४ मार्च

पिन,

शेवटी भन्तेंकडे गेले. मंडपाच्या मागे झाडत होते. ढीग झाल्यापासून त्यांना फेरा घालून झाडावं लागतं, दम्यानं धाप लागते, मध्येच झाडू टेकून उभे राहतात. त्यांनी कधी तक्रार केली नाही. दिलेल्या दानाला नाव ठेवू नये म्हणून दोन महिने गप्प.

मी स्वप्न सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, तुझ्या बहिणीनं दिलं ते तिला हवंसं होतं का?

मी म्हटलं, हवंसं असतं तर दिलं असतं का, भन्ते? तिला काय, कुणालाच नको होतं, म्हणून तर इथे आलं.

तेव्हा ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "मग ते दान नव्हे. घरातलं नको झालेलं दुसऱ्याच्या दारात ठेवलं. वर पाणी ओतलं म्हणून ते दान होत नाही, नुसतं ओलं होतं."

मी विचारलं, "म्हणजे आईला पोचलं नाही?"

"काहीच नाही."

तुला काय सांगू, मला इतकं हलकं वाटलं की तिथेच लोटांगण घालणार होते. आईच्या मागे ढीग नाही. पेचकस नाही. तू पाठवलंस ते वाटेतच राहिलं. त्या आनंदात विहाराच्या फाटकापर्यंत आले आणि मग पाय थांबले. काहीच पोचलं नाही म्हणजे काहीच नाही. ना माल, ना पुण्य, ना भाताचा गोळा. दोन वर्षं ती तशीच बसलीय. परत मागे गेले. म्हटलं, भन्ते, मग मला ती कामाला लागलेली का दिसते? त्यांनी झाडू उचलला. म्हणाले, तुला ती दुसरं काही करताना आठवतच नाही, म्हणून.

घरी येऊन मी आठवून पाहिलं. आई निवांत बसलेली. आई झोपलेली. पिन, मला खरंच आठवेना. तुला आठवते का?

मी पुढे काय करावं तेही विचारलं. भन्ते म्हणाले, आईला पोचवायचं असेल तर जे देताना हात मागे येतो ते द्या, दोघींनी, मग मी सूत्रं म्हणतो.

बाकी, उदोमकाकांनी हा निकाल माइकवरून जाहीर केला. दान झालं नाही, सबब माल संघाचा नाही, सबब तो अजून साइफिनबाईंचाच आहे, आणि सोंगक्रानच्या आत त्यांनी तो विहारातून हलवावा. तेव्हा साहेबीणबाई, तुमचा ट्रकभर माल इथे पडलाय. येऊन उचला. चौकीदाराकडे पाठवता येणार नाही एवढा आहे.

लाय


२ एप्रिल

पिन,

या वेळी हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, ओळ वर चढत जाणारं. येतेस म्हणून लिहिलंस, तेवढंच मी तीनदा वाचलं, बाकीचं नंतर.

तुला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून सांगावं लागलं की आपण दिलं ते दान नव्हतं, आणि ते ऐकून तुझे साहेब हसले. हे वाचून मला वाईट वाटलं. साहेबांवर आलेला राग वेगळा. पण त्यांच्याकडून असला कचरा घेणाऱ्या कारखान्याच्या गाडीचं भाडं काढलंस, हे बरं केलंस. काच, बॅटऱ्या आणि शाईचे डबे त्या गाडीतच जातील असं गावात सांगितलंय. आजवर ती काच आम्ही रानात ओतत आलो, तिथे आता तीळसुद्धा उगवत नाही.

माल तुझा आहे हे ठरल्याबरोबर गावाचा धर्म कुठल्या कुठे गेला बघ. दोन महिने मंडपाला हात जोडून लांबून जाणारे लोक, निकाल लागल्याच्या संध्याकाळी माझ्या अंगणात. लामायमावशी म्हणते, पिनला सांग, कॉम्प्युटरांचे डबे मला दे, मी तिला तान्ही असताना पाठीवर घेतलंय. मी म्हटलं, पाठीवर घेतल्याचं भाडं एवढं होत नाही मावशी. मग अशी घासाघीस सुरू झाली की बऱ्याच दिवसांनी मला जेवण गोड लागलं. तू लिहिलंस तशी अट घातली. हातानं सोडवायचं, जाळायचं नाही, जे उरेल ते परत मंडपापाशी आणून ठेवायचं. कुरकुरले. पण कबूल झाले.

एक गोष्ट सांगायची राहिली. सगळे मेलेले नव्हते. भन्ते म्हणाले, ज्यात जीव आहे तेवढे शाळेला ठेवू, म्हणून शाळेच्या बाई एकेक लावून बघत होत्या. एक चालू झाला आणि पडद्यावर फोटो आला. तुमच्या ऑफिसची नव्या वर्षाची मेजवानी. लोकांनी देताना पुसलंसुद्धा नाही, कुणाचे पगार, कुणाची लेकरं, सगळं आत तसंच. फोटोत कडेला तू. डोक्यावर कागदाची टोपी, हातात ताट, तोंड उघडं टाकून हसतेयस.

दोन वर्षांनी बघितलं तुला. वाळलीयेस. बाई विचारत होत्या, हे सगळं पुसून टाकू ना? मी म्हटलं, जरा थांबा. त्यांनी दुसरं काम काढलं आणि मी तिथे बसून राहिले. माझ्यावाचून तू हसतेस याचा मला राग यायला हवा होता. नाही आला. मग म्हटलं, पुसा आता.

गादी इथेच घे, बँकॉकहून आणू नकोस, महाग पडते. घर झाडून ठेवलंय. तुझी खोली तशीच आहे, फक्त तिथे मी कांदे ठेवते, ते काढीन.

लाय


६ मे

पिन,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. समोर असताना आपण दोघी नुसत्या कामाचं बोललो. ते ताट इकडे दे, तो दोर घट्ट बांध, पाहुण्यांना पाणी दिलं का. बाकीचं मला बोलता येत नाही. म्हणून हे.

तू कारखान्याच्या गाडीबरोबर उतरलीस आणि घरी न येता थेट मंडपात जाऊन खोकी उचलायला लागलीस, तेव्हा मी फाटकाआड उभी होते. मला वाटलं, ही आता आपला माल उचलेल, हात झटकेल आणि त्याच गाडीनं परत जाईल. म्हणून मी पुढे आले नाही. तुला वाटलं असेल, लाय अजून फुगलीय. मला भीती वाटत होती.

मग विधीच्या आदल्या दिवशी भन्तेंनी विचारलं, काय आणलंय. मी आईची गोधडी पुढे ठेवली. ती गेल्यापासून मी तीच पांघरत होते, ती देताना हात मागे येत होता. तुझ्याकडे गादीचं बिल होतं. भन्तेंनी ते वाचून तुला परत दिलं. तू त्याची घडी घातलीस आणि म्हणालीस, "मी मुंडन करते. सुट्टी संपेपर्यंत पांढरं नेसून, व्रत घेऊन इथेच राहते. ते आईला द्या."

सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या, कारण पहिली बट घरातल्या वडीलधाऱ्यांनी कापायची असते, आणि आता ती मी. कात्री हातात घेतली तेव्हा मला आठवलं की उवा झाल्या म्हणून तुझे केस मी एकदा कापले होते आणि तू महिनाभर माझ्याशी बोलली नव्हतीस. तुझ्या मानेला हात लागला. इतक्या वर्षांत तुला हात लावला नव्हता. तू रडत नव्हतीस आणि मीही नाही. रीतीप्रमाणे भुवयासुद्धा काढल्यावर तू अगदी आईसारखी दिसायला लागलीस. लामायमावशीनं नकळत हात जोडले. तुला तेव्हा कुणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते.

ऑफिसात काय म्हणाले? टोपी घालतेस की तशीच जातेस? साहेब हसले का? हसले तर त्यांना म्हणावं, आता तुम्हाला जे द्यायला जीवावर येतं ते काढा बघू.

मंडप धुऊन घेतला. म्हाताऱ्या बाया पुन्हा आत बसायला लागल्या आणि आल्याबरोबर जागेवरून भांडल्या. भन्तेंना आता सरळ रेषेत झाडता येतं. तुमच्या ऑफिसातून पुढच्या वर्षी कुणी काही देणार असेल तर आधी लावून बघा, आतलं पुसा, आणि जे चालत नाही ते थेट कारखान्यात धाडा. त्यावर कुणाच्या आईचं नाव नको.

वायरी जाळायचं पिंप मी ठोकून चपटं केलं आणि कामसिंगला देऊन टाकलं. तू म्हणालीस म्हणून नाही. आता वायरी सोलत बसते, सुरीनं. बोटं फुटतात, दिवसाला मूठभर तांबं निघतं, आणि शेजारचे अजून जाळतातच, त्यामुळे धूर थांबला असं मी तुला लिहू शकत नाही. माझ्या अंगणातला थांबला. दवाखान्यातल्या बाई जे म्हणाल्या होत्या तेच तू चितेपाशी म्हणाली होतीस, म्हणून मी पुन्हा सांगत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र. विधी झाल्यापासून आई दिसली नाही. पहिले दिवस बरं वाटलं. लामायमावशी म्हणाली, पोचलं गं तिला, आता ती कशाला येईल? मलाही तेच हवं होतं. त्याच्यासाठीच सगळं केलं. पण हल्ली मी दुपारी काम टाकून मुद्दाम झोळीत पडते. डोळे मिटून वाट बघते. झोप लागते, पण त्यात कुणी नसतं. काम करत का होईना, येत तर होती. तिला सुटी मिळाली, पिन, आणि मी मात्र घराखाली बसून रडते, एवढी मोठी बाई.

तिला जाऊ दिलं ते बरंच केलं. मला आता लाय म्हणणारी घरातली तू एकटीच उरलीस. तू येत जा.

लाय